दाबाचा उपचार : लसिकाशोफाने सुजलेल्या पायाची शुश्रूषा

आपल्या शाळेच्या या स्मृतिपुस्तिकेसाठी लेख मागणारे संपादक मंडळाचे पत्र आले तेव्हा एखाद्या संतकवीवर किंवा हैदराबादेतील मराठी नियतकालिकांवर मी लिहावे, अशी त्यांची अपेक्षा असणार. जन्मभर मराठीचे अध्यापन केलेल्या माणसाकडून दुसरी कोणती अपेक्षा करायची? परंतु या वेळी मी एका रोगावर आणि त्याच्या एका साध्या उपचारावर लिहिणार आहे. वैद्यकशास्त्रात माझा अधिकार नाही. जे वाचून समजले, जाणत्या वैद्यांकडून पडताळून घेतले आणि घरात गेली अनेक वर्षे स्वतःच्या हातांनी केले, तेवढेच येथे मांडतो.

विषयाची निवड ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्या बाईंमुळे झाली. १९६२ साली मी सातवीत होतो. बाई गौळीगुड्याहून सायकलरिक्षाने शाळेत येत. उतरताना आधी उजवा पाय टेकीत आणि मग दोन्ही हातांनी डावा पाय उचलून खाली ठेवीत. नऊवारी लुगड्याच्या घोळात तो पाय झाकलेला असे. पण झाकून झाकणार किती? त्यावरून आम्ही मुलांनी त्यांना एक टोपणनाव ठेवले होते. ते येथे लिहीत नाही. ते नाव ज्यांनी उच्चारले त्यांत मीही होतो, एवढे मात्र लिहिले पाहिजे.

एकदा त्यांच्या हातून खडू पडला. मी तो उचलायला वाकलो तेव्हा प्रथमच त्यांचा पाय जवळून दिसला. जुन्या लुगड्याची फाडलेली पट्टी त्यांनी गुडघ्याच्या खाली घट्ट आवळून बांधली होती. पट्टीच्या वर पाय बराचसा नेहमीसारखा आणि खाली खांबासारखा फुगलेला. त्या वेळी मला त्याचा अर्थ कळला नाही. पुढे जवळजवळ पन्नास वर्षांनी, माझ्याच घरात तसाच पाय आला, तेव्हा कळले की बाईंनी औषध बरोबर ओळखले होते. फक्त ते चुकीच्या जागी बांधले होते. ती जागा कोणती आणि बरोबर कोणती, हेच या लेखाचे प्रयोजन.

१. नावांची कथा

आधी शब्दांकडे वळतो. जुनी सवय सुटत नाही. मराठीत या पायाला हत्तीपाय आणि रोगाला हत्तीरोग म्हणतात. हिंदीत हाथीपाँव आणि फीलपाँव हे दोन्ही शब्द आहेत. त्यांतला ‘फील’ म्हणजे फारसीतला हत्तीच. कन्नडमध्ये आनेकालु. आपल्या तेलुगू शेजाऱ्यांचा शब्द बोदकालु. संस्कृतात श्लीपद, म्हणजे शिळेसारखे कठीण झालेले पाऊल, अशी त्याची व्युत्पत्ती सांगतात. सुश्रुतसंहितेत या रोगाचे निदान आणि चिकित्सा दोन्ही आली आहेत. जेथे जुने पाणी साचून राहते आणि जी भूमी सर्व ऋतूंत ओलसर-थंड असते, अशा प्रदेशात श्लीपद विशेष आढळते, असे त्या ग्रंथकारांचे निरीक्षण होते. डासाचा संबंध त्यांना ठाऊक नव्हता. साचलेल्या पाण्याचा मात्र ठाऊक होता.

शब्दांच्या घोटाळ्याने माणसांचे किती हाल होतात याचेही येथे उदाहरण आहे. ग्रीक वैद्य ज्याला ‘एलिफंटायसिस’ म्हणत तो बहुधा कुष्ठरोग होता. अरबी वैद्यांचा ‘हत्तीचा रोग’ म्हणजे सुजलेला पाय. मध्ययुगात भाषांतरे होताना दोन्ही नावे एकमेकांत मिसळली आणि सुजलेल्या पायाच्या वाट्याला कुष्ठाची भीती आणि कुष्ठाचा बहिष्कार आला. वस्तुतः सुजलेला पाय शिवल्याने, त्याच्याशेजारी बसल्याने किंवा त्याच्या घरचे पाणी प्यायल्याने हा रोग कोणालाही होत नाही.

२. शरीरातील तिसरी वाट

रक्त हृदयातून रोहिण्यांवाटे बाहेर पडते आणि नीलांवाटे परत येते, हे आपण शाळेतच शिकतो. तिसरी वाट लसिकेची. तिच्याविषयी मात्र आपण फारसे बोलत नाही. इटलीत गास्पारे आसेल्ली यांना १६२२ साली कुत्र्याच्या उदरात दुधी रंगाच्या वाहिन्या दिसल्या. पुढे तीस-पस्तीस वर्षांत पेके, बार्थोलिन आणि रुडबेक यांनी हे सर्व जाळे उजेडात आणले.

या वाटेचे काम असे. केशवाहिन्यांच्या सूक्ष्म भिंतींतून रक्तातील द्रव सतत बाहेर पाझरतो आणि पेशींना न्हाऊ घालतो. हा द्रव परत गेला पाहिजे. त्यातला बहुतेक भाग नीलांच्या टोकाशीच पुन्हा रक्तात शोषला जातो, असे पूर्वी शिकवीत. अलीकडच्या संशोधनाने या समजुतीत दुरुस्ती केली असून परतीचा मोठा भार लसिकावाहिन्यांवरच असतो असे दिसून आले आहे. या वाहिन्यांतून दिवसाला काही लिटर द्रव वाहतो आणि अखेर मानेच्या तळाशी मोठ्या नीलांना मिळतो. द्रवाबरोबर प्रथिने, मृत पेशींचा कचरा आणि जंतूही वाहून नेले जातात. वाटेत लसिकाग्रंथींच्या नाक्यांवर त्यांची झडती होते.

या प्रवाहाला हृदयासारखा एक पंप नाही. लसिकावाहिनी लहान लहान कप्प्यांची बनलेली असते. प्रत्येक कप्प्याच्या तोंडाशी झडप असते आणि कप्पा मिनिटाला काही वेळा स्वतः आकसतो. शिवाय चालताना पोटरीचे स्नायू आवळतात, श्वासाबरोबर छाती-पोटातील दाब बदलतो, आणि या सर्वांच्या मदतीने लसिका वर सरकते. विहिरीतून हातोहात बादल्या वर देणाऱ्या माणसांच्या रांगेसारखी ही व्यवस्था आहे. रांगेतील काही माणसे बसली, तर पाणी खालीच साचते.

लसिकावाहिन्या निकामी झाल्याने येणाऱ्या या सुजेला इंग्रजीत लिम्फेडिमा म्हणतात. मी लसिकाशोफ हा शब्द वापरतो. नुसत्या पाण्याच्या सुजेत आणि लसिकाशोफात एक मोठा फरक आहे. येथे साचलेल्या द्रवात प्रथिने असतात. ती तेथेच राहिली की ऊतींना सतत चाळवतात. मग चरबी वाढते, तंतू वाढतात, कातडी जाड होते. आरंभी बोटाने दाबले तर खळगा पडतो आणि रात्री पाय उंच ठेवला तर सकाळी सूज उतरते. पुढे खळगा पडेनासा होतो, सूज उतरेनाशी होते आणि कातडीवर घड्या व गाठी येतात. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या या सुजेवर उपयोगी पडत नाहीत, त्याचे कारणही हेच. गोळी पाणी काढते. प्रथिने जागीच राहतात आणि पुन्हा पाणी ओढून घेतात.

३. वाट का बंद पडते

आपल्या देशात याचे सर्वांत जुने कारण हत्तीरोगाचा कृमी. कलकत्त्यात टिमोथी लुईस यांनी १८७२ साली माणसाच्या रक्तात त्याची सूक्ष्म पिले पाहिली. १८७६ साली ऑस्ट्रेलियात जोसेफ बँक्रॉफ्ट यांना पूर्ण वाढलेला कृमी सापडला. आणि १८७७ साली चीनच्या किनाऱ्यावरील अमॉय येथे पॅट्रिक मॅन्सन यांनी हा कृमी डासाच्या शरीरात वाढतो हे दाखवले. डास माणसात रोग पसरवतो या ज्ञानाचा आरंभ मलेरियापासून नव्हे, हत्तीरोगापासून झाला. पिले रात्रीच रक्ताच्या पृष्ठभागी येतात, म्हणून हत्तीरोगाची रक्ततपासणी रात्री करावी लागते. गटारांत आणि घाण पाण्यात वाढणारा क्युलेक्स डास हा आपल्याकडील मुख्य वाहक. मोठे कृमी लसिकावाहिन्यांत सहा ते आठ वर्षे राहतात आणि त्या वाहिन्या रुंदावून, ढिल्या करून निकामी करतात.

बाईंचे बालपण करीमनगर जिल्ह्यात गेले होते, आणि तो जिल्हा हत्तीरोगासाठी प्रसिद्धच. राष्ट्रीय हत्तीरोग नियंत्रण कार्यक्रम १९५५ साली सुरू झाला. २००४ सालापासून रोगग्रस्त जिल्ह्यांत सर्वांना वर्षातून एकदा गोळ्या देण्याची मोहीम देशभर चालू झाली. आणि २०२७ पर्यंत हा रोग हटवण्याचे उद्दिष्ट सरकारने ठरवले आहे. तेलंगण सरकारने २०१८ साली हत्तीरोगाच्या रुग्णांना मासिक निवृत्तिवेतनही मंजूर केले. मोहिमेच्या गोळ्या अवश्य घ्याव्यात; परंतु त्या रोगाचा पुढचा प्रसार थांबवतात, आधीच सुजलेला पाय पूर्वीसारखा करीत नाहीत. त्या पायासाठी वेगळे काही करावे लागते, आणि ते करणारा माणूस बहुधा घरचाच असतो.

दुसरे कारण आता शहरांतून वाढत्या प्रमाणात दिसते. गर्भाशयाच्या किंवा तत्सम कर्करोगात जांघेतील व ओटीपोटातील लसिकाग्रंथी काढाव्या लागतात, किंवा त्यांवर किरणोपचार होतात. रोग जातो, पण वाट तुटते. माझ्या पत्नीवर २००९ साली अशी शस्त्रक्रिया झाली. दोन वर्षांनी तिचा डावा पाय सुजू लागला. आम्ही ज्या रुग्णालयात गेलो तेथे सांगण्यात आले की जीव वाचला हे काय थोडे झाले, सूज आता राहणारच. पहिले वाक्य खरे होते. दुसरे अर्धेच खरे होते. आणि त्या अर्ध्या सत्यामुळे आमची दीड वर्षे वाया गेली. पुढे एका भौतिकोपचार करणाऱ्या तरुण मुलीने आम्हांला पट्टी बांधायला शिकवले.

काही जणांत जन्मतःच लसिकावाहिन्या अपुऱ्या असतात, तर काहींत वारंवार होणाऱ्या जंतुसंसर्गाने त्या खराब होतात. आणि पाय तर हृदय, मूत्रपिंड, यकृत किंवा नीलांच्या विकारांनीही सुजतो. म्हणून पट्टीला हात लावण्यापूर्वी निदान झालेच पाहिजे. लसिकाशोफाची एक सोपी खूण आहे. पायाच्या अंगठ्याशेजारील बोटाच्या मुळाशी कातडीची चिमटीने घडी घेऊन पाहावी. ती घेता येत नसेल, तर लसिकाशोफाची शक्यता दाट. स्टेमर यांच्या नावाने ही खूण ओळखली जाते. चिमटी येते म्हणून रोग नाहीच, असे मात्र समजू नये.

४. दाब नेमके काय करतो

आता मुख्य विषय. बाहेरून मोजका दाब दिला की चार गोष्टी घडतात. केशवाहिन्यांतून पाझरणारा द्रव कमी होतो. ऊतींत साचलेला द्रव उरलेल्या लसिकावाहिन्यांकडे आणि जेथे निचरा चांगला आहे त्या भागाकडे सरकतो. चालताना फुगणाऱ्या पोटरीला आधारासाठी एक भिंत मिळते. आणि ताणलेली कातडी पुन्हा पुन्हा फुगून ढिली पडत नाही.

यांतली तिसरी गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे, कारण पट्टीची निवड तिच्यावर ठरते. बाजारात मिळणारी रबरासारखी खूप ताणणारी पट्टी स्नायू फुगला की त्याच्याबरोबर फुगते आणि स्नायू सैल पडला तरी आवळतच राहते. कमी ताणणारी सुती पट्टी याच्या उलट वागते. पोटरी फुगली की ती हटत नाही, त्यामुळे आतला दाब एकदम वाढतो. पोटरी सैल झाली की दाब उतरतो. दाब चढतो, उतरतो, पंप चालतो. म्हणून लसिकाशोफात कमी ताणणारी पट्टी श्रेष्ठ. ती विश्रांतीत सौम्य असते आणि श्रमात खंबीर. अर्थात पाय हलला नाही तर पंपही चालत नाही. पट्टी बांधून दिवसभर पलंगावर पडून राहणे म्हणजे अर्धाच उपचार.

आपल्या लोकांना हे अगदीच नवे नाही. इंग्रजी अमदानीत हिंदुस्थानी फौजेतील शिपाई घोट्यापासून गुडघ्यापर्यंत कापडी पट्टी गुंडाळीत. तिला इंग्रजीत ‘पटी’ म्हणतात. तो शब्द आपल्याच ‘पट्टी’वरून गेलेला. लांबच्या चालीत पायांना तिचा आधार वाटे.

५. बाईंची पट्टी का चुकली

गोल वस्तूभोवती एकाच ताणाने पट्टी गुंडाळली तर आत पडणारा दाब त्या वस्तूच्या घेरावर अवलंबून असतो. घेर लहान तर दाब जास्त. घेर मोठा तर दाब कमी. फ्रेंच गणिती लाप्लास यांच्या नावाने हा नियम ओळखला जातो. समजा, घोट्याचा घेर २४ सेंटिमीटर आहे आणि पोटरीचा ३६. एकाच ताणाने बांधलेल्या पट्टीने घोट्यापाशी ४० मिलिमीटर पाऱ्याइतका दाब पडला, तर पोटरीपाशी तो सुमारे २७ होईल. म्हणजे पायाचा आकार नीट असेल तर हाताने ताण सारखा ठेवला तरी दाब आपोआप खाली जास्त आणि वर कमी असा उतरत जातो. हवे असते तेही हेच, कारण द्रवाला वर जायचे आहे.

बाईंनी पट्टी गुडघ्याखाली आवळली होती. दाब वर जास्त आणि खाली शून्य. तो बांध झाला. बांधाखाली पाणी तुंबणारच. हीच पट्टी त्यांनी बोटांच्या मुळापासून सुरू करून, टाच झाकीत, गुडघ्यापर्यंत चढत नेली असती, तर त्यांचा तिसरा तास उभ्याने झाला असता. हे त्यांना सांगणारे कोणी नव्हते.

फार सुजलेल्या पायात आणखी एक अडचण असते. घोट्याचा घेर पोटरीइतका किंवा तिच्याहून मोठा झालेला असतो. मग वरचा हिशेब उलटतो. म्हणून पट्टीच्या आत कापूस किंवा स्पंजचे अस्तर देऊन पायाचा आकार आधी वर रुंद, खाली निमुळता असा करून घेतात. नडगीचे हाड, घोट्याची हाडे आणि टाचेची शीर हे उंचवटे दाबाखाली लवकर सोलवटतात. तेथेही अस्तर लागते. हे कौशल्य वाचून येत नाही, जाणत्याच्या हाताखाली शिकावे लागते. मी ते चार बैठकांत शिकलो. पहिले कित्येक दिवस आमच्या घरी रोज रात्री परीक्षा असे, आणि परीक्षक मोठ्या कडक. “अहो, घोट्यावर सैल झाली, पुन्हा बांधा.” जन्मभर इतरांच्या उत्तरपत्रिका तपासल्या, माझी तपासली गेली ती येथे.

६. उपचाराचा क्रम

या उपचारपद्धतीची चार अंगे मानतात : त्वचेची निगा, हलक्या हाताने लसिकेचा निचरा करणारे मर्दन, दाब, आणि व्यायाम. डॅनिश दांपत्य एमिल आणि एस्ट्रिड व्होडर यांनी १९३६ साली पॅरिसमध्ये या मर्दनाची पद्धत मांडली. पुढे जर्मनीत फोल्डी दांपत्याने चारही अंगे एकत्र आणली. चारांत दाबाचे महत्त्व सर्वाधिक. बाकीच्यांनी मिळवलेले टिकवून ठेवतो तो दाबच.

पहिला टप्पा उतरवण्याचा. दोन ते चार आठवडे रोज पट्ट्यांचे थर बांधले जातात. पाय झपाट्याने बारीक होत असतो, म्हणून पट्टी वरचेवर सोडून नव्याने बांधावी लागते. दुसरा टप्पा टिकवण्याचा, तो जन्मभराचा. यात दिवसा दाबमोजा घालायचा. मोज्याचे माप सूज पूर्ण उतरल्यावर आणि सकाळीच घ्यावे. सुजलेल्या पायाच्या मापाने घेतलेला मोजा सूजच सांभाळतो.

अशा चढउतार दाबाच्या मोज्यांमागे कॉनराड जॉब्स्ट या अमेरिकी अभियंत्याची कथा आहे. त्याच्या स्वतःच्या पायांत नीलांचा विकार होता. पोहण्याच्या तलावात उभे राहिले की बरे वाटते, असे त्याच्या ध्यानात आले. पाण्याचा दाब तळाशी जास्त आणि वर कमी असतो. तोच उतरता दाब त्याने १९५०च्या सुमारास मोज्यात विणला.

मोज्यांचे वर्ग असतात, पण ते सर्व देशांत सारखे नाहीत. एका देशाचा दुसरा वर्ग दुसऱ्या देशाच्या तिसऱ्याशी जुळू शकतो. म्हणून पुडीवरील वर्ग न पाहता मिलिमीटर पाऱ्याचा आकडा पाहावा आणि तो वैद्याने सांगितलेल्या आकड्याशी ताडावा. लसिकाशोफाच्या पायाला बहुधा ३० ते ४० किंवा त्याहून अधिक दाब लागतो. प्रवासातल्या थकव्यासाठी विकले जाणारे मोजे येथे पुरत नाहीत. पायाचा आकार बिघडलेला असेल तर मापाने विणलेला, शिवण असलेला जाड मोजा अधिक चांगला, कारण तो घड्यांत रुतत नाही. ज्यांना वाकता येत नाही किंवा ज्यांच्या बोटांत जोर नाही, त्यांच्यासाठी चिकटपट्ट्यांनी आवळायची वेष्टनेही मिळतात.

मोजा सकाळी अंथरुणातून उठण्यापूर्वीच चढवावा. हातात रबरी हातमोजे घातले तर पकड बसते. वरची कड कधीही दुमडू नये. दुमडलेली कड म्हणजे बाईंची गुडघ्याखालची पट्टी. मोजा रोज धुवावा आणि सावलीत वाळवावा. साधारण सहा महिन्यांत त्याचा ताण जातो; मग तो बदलावाच लागतो. आपल्याकडच्या एप्रिल-मे महिन्यांत मोजा नकोसा होतो, हे मी रोज पाहतो. अशा दिवसांत बाहेरची कामे सकाळी उरकावीत आणि दुपारी गारव्यात बसावे. मात्र मोजा सोडून देऊ नये. आमच्या घरी एका उन्हाळ्यात तीन आठवडे सोडला. तीन महिन्यांची कमाई गेली.

७. धुण्याचे महत्त्व

साचलेल्या लसिकेत जंतूंना आयते अन्न असते आणि त्यांना अडवणारी व्यवस्था मोडलेली असते. बोटांच्या बेचक्यांतील एखाद्या भेगेतून जंतू शिरले की थंडी वाजून ताप येतो, पाय लाल आणि गरम होतो, रुग्ण अंथरूण धरतो. प्रत्येक हल्ल्यात उरलेल्या वाहिन्यांतील काही निकामी होतात, सूज वाढते, सूज वाढली की पुढचा हल्ला लवकर येतो. हे चक्र तोडायला साबण आणि पाणी पुरते, हे ब्राझीलमधील रेसिफे येथे जेरुझा ड्रायर यांनी हत्तीरोगाच्या रुग्णांबरोबर काम करून दाखवून दिले. रोज पाय साबणाने हलक्या हाताने धुवावा, घड्या व बेचक्या टिपून कोरड्या कराव्यात, भेगांना आणि बुरशीला वैद्याने दिलेले मलम लावावे, आणि अनवाणी फिरू नये.

या हल्ल्यांवर दाबाचाही परिणाम होतो, याचा चांगला पुरावा ऑस्ट्रेलियातील कॅनबेरा येथील एका अभ्यासातून मिळाला. तो २०२० साली प्रसिद्ध झाला. पायाला जुनी सूज असलेले आणि वारंवार जंतुसंसर्ग होणारे ८४ रुग्ण त्यात होते. दाबोपचार मिळालेल्या ४१ जणांपैकी ६ जणांना पुन्हा संसर्ग झाला; न मिळालेल्या ४३ जणांपैकी १७ जणांना. फरक इतका स्पष्ट होता की अभ्यास मुदतीआधीच थांबवण्यात आला.

आपल्या जवळचे उदाहरण कासरगोडचे. केरळच्या उत्तर टोकाला असलेल्या या गावी डॉ. एस. आर. नरहरी आणि त्यांचे सहकारी यांनी ऑक्सफर्डचे त्वचारोगतज्ज्ञ टेरेन्स रायन यांच्या साहाय्याने हत्तीरोगाच्या पायासाठी एक मिश्र पद्धती बसवली. धुणे, आयुर्वेदीय औषधी पाण्यात पाय बुडवणे, योगासने व श्वसन, आणि दाबाच्या पट्ट्या. रुग्ण आणि त्याचा नातेवाईक दोघांनाही तेथे शिकवून परत पाठवतात, कारण पुढचा उपचार घरीच करायचा असतो.

८. दाब केव्हा देऊ नये

या भागाशिवाय हा लेख अपुराच नव्हे, धोक्याचा होईल. पायाच्या रोहिण्याच अरुंद झालेल्या असतील तर पट्टी उरलासुरला रक्तपुरवठाही तोडू शकते. म्हणून मधुमेही, धूम्रपान करणारे आणि वयस्क यांनी आधी घोट्याचा व दंडाचा रक्तदाब मोजून त्यांचे प्रमाण काढून घ्यावे. ते ०.८ पेक्षा कमी असेल तर नेहमीचा दाब चालत नाही, ०.५ पेक्षा कमी असेल तर दाब देऊच नये. हृदय थकून शरीरात पाणी साचत असेल तर पायातले पाणी एकदम वर ढकलणे धोक्याचे. एकच पाय एकाएकी सुजून दुखू लागला तर नीलेत गुठळी झाल्याची शंका घ्यावी आणि पट्टी न बांधता रुग्णालय गाठावे. ताप येऊन पाय लाल झाला असेल तेव्हाही आधी वैद्य, मग पट्टी. मधुमेहाने पायाची संवेदना गेली असेल तर रुतलेली पट्टी कळतच नाही. तेथे दुप्पट काळजी हवी.

पट्टी बांधल्यावर पायाची बोटे उघडी ठेवावीत आणि पाहत राहावीत. ती निळी-काळी पडली, मुंग्या आल्या, बधिरता किंवा वाढती वेदना जाणवली, तर सहन करीत बसू नये. पट्टी ताबडतोब सोडावी. चांगली पट्टी घट्ट वाटते, पण दुखत नाही.

९. याप्य

आयुर्वेदाने रोगांचे साध्य आणि असाध्य असे भेद केले आहेत. वर्षाहून जुने आणि वारुळासारखे उंचवटे आलेले श्लीपद सुश्रुताने सोडून देण्याजोगे मानले. परंतु त्याच शास्त्रात आणखी एक सुंदर संज्ञा आहे : याप्य. उपचार चालू आहे तोवर जो आटोक्यात राहतो आणि उपचार थांबताच उसळतो, तो याप्य रोग. लसिकाशोफ आज याप्य आहे. तो बरा होतो असे म्हणणारा फसवतो; आणि त्यावर उपाय नाही असे म्हणणाराही फसवतो. आम्हांला पहिल्या रुग्णालयात दुसऱ्या प्रकारचे उत्तर मिळाले होते. असे उत्तर मिळालेली माणसे आपल्या गल्लीत, आपल्या नात्यात आजही आहेत आणि पाय झाकून बसली आहेत.

मोजपट्टी घेऊन दर चार सेंटिमीटरवर पायाचा घेर मोजणे आणि वहीत लिहून ठेवणे, हे सातवीतल्या मुलालाही जमते. आमच्या घरच्या वहीत पहिल्या दिवशी पोटरीचा घेर ४७ आहे. गेल्या रविवारी तो ३९ होता. पत्नी आता पंच्याहत्तरीच्या जवळ आहे आणि भाजी आणायला सुलतान बाजारपर्यंत पायी जाते.

शाळेच्या व्यवस्थापनाला माझी एक विनंती आहे. बाईंच्या नावाने जसे व्याख्यान होते, तसाच दरवर्षी एक दिवस शाळेच्या सभागृहात पाय धुण्याचा आणि पट्टी बांधण्याचा वर्ग भरवावा. शिकवणारे भौतिकोपचारतज्ज्ञ या शहरात आहेत. रुग्णाने यावे, त्याच्या घरच्या एकाने यावे, आणि वरच्या वर्गांतील मुलांनी मोजपट्टी धरावी. एकदा ज्या मुलाने असा पाय हातात घेऊन मोजला, तो त्या पायाला नाव ठेवणार नाही. मला ही संधी १९६२ साली मिळायला हवी होती.